सामना जिंकलेला असताना

(स्नेहमेळावा, दिवाळी सुट्टी 2024 : भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ हा विषय दिला होता. त्यावर बोलणारे आपल्या वर्गात आणखी दोघं आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरं बोलतील. मी एका अमेरिकन मुलाच्या निखळलेल्या खुब्याबद्दल बोलणार आहे. कारण सांगते. आपले खेळाचे सर अजूनही म्हणतात, “त्या पोरीला त्या दिवशी मी बाहेर बसवायला हवं होतं,” असं मला गेल्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर कळलं. सर, ती पोरगी मी. पंचवीस वर्षं तुम्ही हे मनात ठेवलंत, याची मला कल्पना नव्हती.

गेली दहा वर्षं मी अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमला राहते. बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करते. तिथलं विद्यापीठ टस्कलूसाला, आमच्यापासून तासाभरावर. त्यांच्या फुटबॉलच्या मैदानात लाखावर माणसं बसतात. सप्टेंबरात शनिवारी दुपारी सामना असला, तर मराठी मंडळाचा गणपती संध्याकाळवर ढकलावा लागतो, नाहीतर आपलीच मुलं येत नाहीत.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट आणि बराच वेळ हातातच. क्वार्टरबॅक म्हणजे तो चेंडू घेऊन दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा खेळाडू. तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलोंची माणसं त्याला आडवं करायला धावून येतात.

तुआ टॅगोव्हायलोआ हा तिथला क्वार्टरबॅक. हवाईच्या सामोअन कुटुंबातला. त्याच्यासाठी सगळं घर हवाई सोडून बर्मिंगहॅमजवळ राहायला आलं. मुळात उजवा, पण वडिलांनी डाव्या हाताने फेकायला शिकवलं. जानेवारी 2018 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात संघ मध्यंतराला 13-0 ने मागे होता. तेव्हा पहिल्या वर्षाच्या या पोराला उतरवलं आणि जादा वेळेत त्याच्याच फेकीवर 26-23 ने सामना जिंकला. आमच्या ऑफिसात त्यानंतर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

16 नोव्हेंबर 2019. मिसिसिपी स्टेटविरुद्धचा सामना, मध्यंतराला तीनेक मिनिटं बाकी, गुण 35-7. सामना जिंकलेलाच होता. त्याच्या घोट्याची शस्त्रक्रिया होऊन महिनाही झाला नव्हता. मध्यंतराआधीची ही त्याची शेवटचीच खेळी, मग त्याला बसवायचं, असं ठरलेलं होतं. त्या खेळीत दोघं जण त्याच्यावर पडले. उजवा खुबा निखळला, वाटीची मागची भिंत मोडली, नाकातून रक्त आलं. हेलिकॉप्टरने त्याला आमच्याच शहरात आणलं. सोमवारी ह्यूस्टनला शस्त्रक्रिया झाली.

सोमवारी ऑफिसात एकच प्रश्न : पस्तीस-सात असताना त्याला खेळवलंच कशाला? प्रशिक्षक निक सेबन यांना लोक वाट्टेल ते बोलत होते. सेबन यांनी सांगितलं होतं की मध्यंतराआधीचा सराव व्हावा म्हणून त्याला ठेवलं, आणि त्यालाही खेळायचं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “एकवीस वर्षांच्या पोराला खेळायचं असणारच. म्हणून तर मोठी माणसं असतात.” मी काही बोलले नाही. मला साताऱ्याचं मैदान दिसत होतं.

खुब्याच्या दुखापतीची भीती हाडापुरती नसते. मांडीच्या हाडाचं डोकं वाटीत बसतं आणि त्याला रक्त बारीक वाहिन्यांतून पोहोचतं. डोकं वाटीबाहेर आलं की त्या वाहिन्या ताणतात, तुटतात. रक्त थांबलं तर हाड आतल्या आत मरतं, आणि ते मरतंय की जगतंय हे कळायला महिने जातात. बर्मिंगहॅमकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. बो जॅक्सन तिथल्याच बेसेमरचा. जानेवारी 1991 मध्ये एका सामन्यात त्याच्या खुब्याला असंच झालं आणि त्याचा फुटबॉल तिथे संपला. कृत्रिम खुबा बसवून तो नंतर बेसबॉल खेळला, पण फुटबॉल नाही.

आता त्या मुलापुढचा प्रश्न बघा. तो तिसऱ्या वर्षाला होता. आणखी एक वर्ष विद्यापीठात खेळून, बरा झालोय हे दाखवून मग व्यावसायिक संघांच्या निवडीला जायचं, की आताच? विद्यापीठात तेव्हा शिष्यवृत्ती मिळे, पगार नाही. थांबून पुन्हा दुखापत झाली, तर हाती काहीच नाही. आत्ता गेलं तर धावता न येणारा खेळाडू कोण घेणार? 6 जानेवारी 2020 ला, म्हणजे दुखापतीनंतर सात आठवड्यांनी, त्याने जाहीर केलं : जातोय. पुढे कोविड आला आणि संघांना त्याला आपापल्या डॉक्टरांकडे बोलावून तपासताही येईना. तरीही एप्रिलच्या निवडीत मायामीने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. इकडे त्याच्या जागी आलेल्या मॅक जोन्सने पुढच्या वर्षी एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद आणलं. जागा कुणासाठी थांबत नाही, हेही खरंच.

ऑक्टोबर 2020 मध्ये तुआ पहिल्यांदा मायामीसाठी दोन-चार मिनिटं खेळला. सामना संपल्यावर, मैदान रिकामं झाल्यावर, तो तसाच गणवेशात परत येऊन गवतावर एकटा बसला आणि आईवडिलांशी फोनवर बोलला. ते दृश्य मी बऱ्याच वेळा पाहिलंय. 2023 मध्ये त्याने सतराच्या सतरा सामने खेळून 4,624 यार्डांच्या फेकी केल्या, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. खुबा टिकला. डोकं मात्र सांभाळलं जात नाहीये. 2022 मध्ये त्याला स्ट्रेचरवरून नेलं आणि या सप्टेंबरात मेंदूला पुन्हा मार बसला. थांब आता, असं कितीतरी लोक म्हणाले. गेल्या महिन्यात तो परत उतरला. मला स्वतःला वाटतं त्याने थांबावं. पण मला कोण विचारतंय, आणि विचारू तरी का?

सर, आता साताऱ्याचं. जिल्हा स्पर्धेचा उपांत्य सामना आपण जिंकल्यात जमा होता. शेवटच्या पाळीत तुम्ही मला दोनदा खुणावलंत, बाहेर ये म्हणून. मी पाहिलं नाही असं दाखवलं. खांबावर सूर मारायची मला हौस होती, आणि निवड समितीचे लोक खुर्च्यांवर बसलेले मला दिसत होते. गुडघ्यात कट् असा आवाज झाला तो तुमच्यामुळे नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, मीसुद्धा नाही.

पुढचं मात्र वेगळं. तुम्ही संत्री घेऊन घरी आलात. हाडवैद्याचा लेप लावलेला पाय उशीवर ठेवून मी पडले होते. तुम्ही मला विचारलंत, “खेळायचंय ना पुढं?” उत्तर बाबांनी दिलं, “मार्चमध्ये बोर्ड आहे, सर.” बाबांना मी दोष देत नाही. एमआरआय म्हणजे पुण्याला जाणं, आणि तो खर्च आमच्या घरात शक्य नव्हता. लिगामेंट तुटलं होतं हे मला तिशीनंतर बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी इंजिनिअर झाले, बरं चाललंय, जिना उतरताना कठडा धरते. पण त्या दिवशी प्रश्न मला विचारला होता आणि मी गप्प बसले. काय म्हणाले असते, मला आजही ठरवता येत नाही. त्या मुलाला सात आठवडे मिळाले आणि उत्तर त्याने स्वतः दिलं. त्याच्या बाबतीत मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच.

प्रश्न विचारणारे तुम्ही एकटेच होतात, सर. संत्र्यांची पिशवी निळी होती, तेही आठवतंय.

पत्रिकेत दुपारी चार वाजता मैदानावर खो-खो छापलाय. मी रांगेत बसेन. खो दिलात तर उठेन, जमेल तेवढं पळेन. आणि यावेळी तुम्ही बाहेर ये म्हणून खुणावलंत, तर बघेन.