ओटीपी आला का, आजोबा?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी शिर्डीचं साईमंदिर पुन्हा उघडलं, तेव्हा दर्शनाचा पास ऑनलाइन काढावा लागत होता. वर्षानुवर्षं पायी येणाऱ्यांनाही आधी मोबाइलच गाठावा लागला.

आजही आरतीचा पास आणि साईसंस्थानाच्या भक्तनिवासातली खोली ऑनलाइन राखून ठेवता येते. त्यासाठी मोबाइल नंबर टाकायचा, मग आलेला ओटीपी. चष्मा शोधून, मेसेज उघडून आकडे वाचेपर्यंत मुदत संपते आणि सगळं पहिल्यापासून! मग नातवाला हाक, नाहीतर महा ई-सेवा केंद्राची पायरी.

हे असले व्यवहार शिकवायला २०१७ साली खेड्यापाड्यांसाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं. वयाची अट होती १४ ते ६०. साठी ओलांडलेले बाहेरच राहिले.

पेन्शनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठीही २०१४ मध्ये बोटांच्या ठशावरून ओळख पटवणारं ‘जीवन प्रमाण’ आलं. पण कष्टानं झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र अनेकदा ओळखत नाही. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवूनही हा दाखला घरबसल्या मिळतो.

शिर्डीतली खोली ऑनलाइन राखून ठेवताना मात्र संस्थानाचं अधिकृत संकेतस्थळच वापरावं आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवता येते.