यंत्राचाही भार मोजा



टपाल खात्यातले साथी विचारतील, खाणीतल्या यंत्रांशी आपला काय संबंध? संबंध आहे. टपाल किती सॉर्ट केले, गाडी किती मिनिटे लेट झाली, हे रोज मोजले जाते. कामगाराचे काम मोजता, तसा तो ज्या यंत्रावर राबतो त्या यंत्रावरचा भारही मोजा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही मोजणी सुरू झाली ती रेल्वेतच. प्रशियाच्या रेल्वेतले इंजिनियर ऑगस्ट व्होलर यांनी १८५८ च्या सुमारास धावत्या डब्यांच्या आसांवर स्वतः तयार केलेली उपकरणे बसवली आणि आस किती वाकतो ते नोंदवले. एका झटक्याने न मोडणारे लोखंड लाखो लहान हेलकाव्यांनी थकते आणि तडकते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

तामिळनाडूत नेयवेलीच्या उघड्या लिग्नाइट खाणीतही नियम तोच. तिथे लांब बूमच्या टोकावर बादल्या लावलेले प्रचंड चाक फिरते आणि माती खोदते. लिग्नाइटवरचा वालुकाश्म कठीण असल्याने बादल्यांचे दात लवकर झिजतात. बोथट दाताला जोर जास्त लागतो आणि तो जोर बूमच्या वेल्डिंगवर येतो. म्हणून झीज आणि भार यांचा हिशेब एकत्रच ठेवावा लागतो.

बूमवर स्ट्रेन गेज चिकटवतात. लोखंड ताणले की गेजची तार ताणली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून ताण कळतो. गिअरबॉक्सची झीज तेलातल्या लोखंडाच्या कणांवरून समजते. वेल्डिंगचा हिशेब फार कडक आहे. हेलकाव्याचा ताण सव्वापट झाला, तर सांध्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. टार्गेट वाढवणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

पण गेज जिथे चिकटवला तिथलाच ताण सांगतो. बाकीचे ऑपरेटरच्या कानाला आणि फिटरच्या हाताला कळते. म्हणून आमच्या मागण्या तीन : या नोंदी सुरक्षा समितीपुढे उघड ठेवा; आवाज बदलला म्हणून यंत्र थांबवणाऱ्या ऑपरेटरला चार्जशीट देऊ नका; आणि बूम मोडल्यावर चौकशी करताना कामगाराच्या जबानीबरोबर यंत्राच्या नोंदीही तपासा.

खाण कामगारांच्या या मागण्यांना आपण रेल्वे आणि टपाल कामगारांनी पाठिंबा द्यावा, असे आवाहन करून आम्ही थांबतो.