पाटीच्या दगडाची पाने
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी दगडांवर व्याख्यान, हे वाचून काही जणींना नवल वाटले असेल. परंतु दगडाशी आपला संबंध रोजचाच आहे. पाटा, जाते, ओट्याचा कडप्पा, न्हाणीतील शहाबादी फरशी, आणि जिच्यावर आपण अक्षरे गिरवली ती पाटी. यांपैकी पाटीचीच हकिकत मी सांगणार आहे. तिचा दगड पातळ पानांनी का सुटतो हे कळले, की डोंगर कसे दाबले गेले हे कळते. आणि माणसाने कोठे जपून पाऊल टाकावे, हेही कळते.

शहाबादी फरशी व कडप्पा हे चुनखडीचे दगड. पाण्याच्या तळाशी गाळ बसला, थरावर थर चढला, आणि जेथे थर तेथेच तो दगड सुटतो. पाटीचा दगडही मुळात चिखलच. त्यालाही गाळाचे थर होते. पण तो पुष्कळदा त्या थरांना छेद देऊन भलत्याच दिशेने फुटतो. मग ही पाने आली कोठून?

याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळेल. कणकेत जिरे घालून गोळा मळा. आत जिरे उभे-आडवे, कसेही पडलेले असतात. गोळा पोळपाटावर तळहाताने दाबा, जिरे निजतात. दाब वरून आला आणि दाणे त्याला काटकोनात आले. हे झाले पान. आता लाटणे एकाच दिशेने फिरवा. पोळी लांबट होते, आणि जिरेही त्या लांबीकडे तोंड करू लागतात. ही झाली रेघ. तोच गोळा न लाटता हातांनी वळून दोरीसारखा लांबवला, तर रेघ मिळेल, पान मिळणार नाही. थोडक्यात, पान सांगते की दगड कोणत्या अंगाने दाबला गेला. रेघ सांगते की तो कोणीकडे ताणला गेला. दगडाचे दोन भाग एकमेकांवरून घसरले असतील, तर पाने थोडी तिरपी बसतात, एवढाच फरक.

हे कोडे प्रथम उलगडले ते इंग्लंडात. १८४७ साली डॅनियल शार्प यांनी दाखवले, की अशा दगडांतील शिंपल्यांचे अवशेष वेडेवाकडे चेपलेले असतात. शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी वेल्समधील पाटीच्या दगडाचे प्रकाश आरपार जाईल इतके पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि १८५३ साली निष्कर्ष छापला. पांढऱ्या मातीत लोहभस्माच्या चकत्या मिसळून त्यांनी ती दाबली, तेव्हा चकत्या दाबाला आडव्या वळल्या. तेथील जांभळट दगडात हिरवट ठिपके असतात. मुळात ते गोल. आज ते चपटे व लांबट दिसतात. ठिपका किती चेपला हे मोजले, म्हणजे डोंगर किती चेपला हे समजते. पुढे १८५६ साली जॉन टिंडल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साधे मेण दाबून गार केले, तर तेही पापुद्र्यांनी फुटले.

मात्र कणीक आणि दगड यांत एक मोठा भेद आहे. जिरे नुसते वळते. दगडातील कण बदलतातही. दोन कण जेथे एकमेकांवर रेटले जातात, तेथे त्यांच्या कडा पाण्यात विरघळतात, आणि तो माल दाब कमी असलेल्या बाजूस जाऊन बसतो. उष्णता वाढली, की मातीच्या कणांचे अभ्रक होते, आणि नवे अभ्रक दाबाला आडवेच वाढते. उष्णता व दाब आणखी वाढले, की पाटीच्या दगडाचा चकाकणारा सुभाजा होतो, आणि त्याहीपुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म. हे सारे खडक वितळल्यावाचून घडते, आणि घडावयास लक्षावधी वर्षे लागतात.

आता कोणी म्हणेल, हे जाणून आम्हांला काय करावयाचे? त्यासाठी फ्रान्समधील माल्पासे धरणाची हकिकत ऐका. फ्रेजूस गावाच्या वर पट्टिताश्माच्या घळीत बांधलेले हे कमानी धरण १९५४ साली पुरे झाले. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री, तलाव प्रथमच काठोकाठ भरलेला असताना, ते फुटले आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. काँक्रीट चांगले होते. डाव्या काठाचा खडक सरकला. तेथे खडकाची पाने अशी कललेली होती, की कमानीचा रेटा पानांच्याच दिशेने पडे. त्या रेट्याने पाने घट्ट मिटली, मागचे पाणी झिरपून जाईना, त्याचा दाब खडकात साठला. खाली एक जुनी भेग होती, तिच्यावरून सारा ठोकळाच निसटला. त्या रात्री गेलेल्या मुलाबाळांची नावे मला ठाऊक नाहीत. पण खडकाची पाने वाचणे ही चैन नव्हे, हे त्यांनी जगाला शिकवले.

सह्याद्रीच्या पायऱ्या पाहून कोणी फसू नये. ते लाव्ह्याचे थर आहेत, दाबाची पाने नव्हेत. परंतु सिंधुदुर्गात, गोव्यात आणि भंडारा-गोंदियाकडे सुभाजा व पट्टिताश्म पाहावयास मिळतात. पुढच्या सहलीला तिकडे गेलात, तर घाटात कापलेल्या दरडीकडे अवश्य पाहा. पाने डोंगराच्या आत कललेली असली, तर दरड बहुधा तगते. रस्त्याकडे कललेली असली, तर पावसाळ्यात तेथे गाडी उभी करून भजी खाऊ नका, आणि त्या दरडीखाली कोणी घर बांधत असेल, तर त्याला दोन शब्द जरूर सांगा.