जीवनाचें प्रयोजन

रत्नागिरी जिल्ह्यांतील हेदवी येथें दशभुज लक्ष्मीगणेशाच्या दर्शनास गेलेला यात्रेकरू बहुधा समुद्रावरील बामणघळही पाहून येतो. उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकांत एक अरुंद, लांबट भेग आहे. भरतीच्या लाटा तींत शिरल्या म्हणजे कोंडलेलें पाणी मोठा आवाज करीत उंच उसळतें. मोकळ्या किनाऱ्यावर मात्र त्याच भरतीची लाट वाळूवर पसरते आणि ओसरून जाते.

मनुष्याच्या आयुष्याचेंही असेंच आहे. अन्नवस्त्राची ददात नसली तरी 'हें सारें कशासाठीं?' हा प्रश्न त्यास सोडीत नाहीं. ज्याचें सर्वस्व गेलें, त्यास तर तो रात्रंदिवस जाळतो. कोणी त्याचें उत्तर पोथींत शोधतो, कोणी एकांतांत. याच जिल्ह्यांतील देवरुखच्या एका स्त्रीला तें कामांत सांपडलें.

पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० सालचा. ऐन विशींत त्यांस वैधव्य आलें. पदरीं लहान मूल, अक्षरओळखही नाहीं. रूढीच्या दृष्टीनें त्यांचें आयुष्य तेथेंच संपलें होतें. उरला होता तो स्वयंपाकघराचा कोपरा.

त्यांची बहीण गोदूबाई हीही बालविधवा. तिनें १८९३ सालीं प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. पार्वतीबाईंनीं ती वाट धरली नाहीं. आपलें वैधव्य इतर विधवांच्या कामीं लावावें, असें त्यांनीं ठरविलें. दुःख एकाच जातीचें, बहिणी सख्ख्या, तरी दोघींच्या वाटा निराळ्या. कारण प्रयोजन कोणाकडून उसनें घेतां येत नाहीं.

पंचविशी उलटल्यावर पार्वतीबाई शिकूं लागल्या. कर्व्यांनीं १८९६ सालीं स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यास त्यांनीं स्वतःस वाहून घेतलें आणि गांवोगांव फिरून वर्गणी गोळा केली. पुढें १९१८ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजीचें ज्ञान बेताचें. तेथें परक्यांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं निर्वाह केला. जें घरकाम देवरुखास नशिबीं आलेलें होतें, तेंच परदेशांत त्यांनीं होऊन पत्करलें. कामांत फरक नव्हता. कशासाठीं, एवढ्यानेंच त्याची किंमत पालटली. पतीचें दुःख त्यामुळें नाहींसें झालें असें कोण म्हणेल? पण त्या दुःखाला वाट मिळाली.

समुद्र ओलांडण्याचा योग सर्वांच्या वांट्यास येत नाहीं, व तशी आवश्यकताही नाहीं. निवृत्तीनंतर ज्या गृहस्थास दिवस खावयास उठतो, अथवा मुलें दूर गेल्यावर ज्या माउलीस घर ओकेंबोकें वाटतें, त्यांनीं आयुष्य आपणांस काय देईल, हें न विचारतां आपली गरज कोणास आहे, एवढें पाहावें. शेजारचें एखादें अडलेलें मूल, एखादा एकाकी रुग्ण, एवढीशी भेगही पुरते.

भरती दिवसांतून दोनदां या साऱ्याच किनाऱ्यावर येते. पाणी उंच चढतें तें मात्र, जेथें त्याला वाट सांपडलेली असते तेथेंच.