बहुमत आणि वेलांटी



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी या शाळेत मराठी अक्षर गिरवून घेतले. आजचा विषय वरवर संगणकाचा असला, तरी त्याचे मर्म एका अक्षरातच आहे. जी वस्तू कोणा एकाच्या मालकीची नाही आणि सर्वांच्या उपयोगाची आहे, तिचे रूप कोणी व कसे ठरवावे, हा तो विषय होय.

ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येतो, तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. अशी कामे पुष्कळदा स्वयंसेवकांच्या श्रमावर उभी राहतात. दुकानाची पाटी बदलायची तर मालकाचा शब्द पुरतो. येथे मालकच नसतो. नव्या संकेतस्थळाचे चार आराखडे चौघांनी बिनमोल कष्टांनी आणून ठेवले, की तिघांना नकार देणे भागच असते. आणि ज्यांना नकार मिळाला, ते उद्याही कामावर यावेत अशी अपेक्षा असते. म्हणून निवड न्याय्य असून भागत नाही. ती न्याय्य आहे हे हरलेल्यालाही पटावे लागते.

विकिपीडियाचे उदाहरण घेऊ. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी आज्ञावलीवर चालतो, ती मुक्त स्रोत आहे. त्याचे बोधचिन्ह निवडण्यासाठी २००३ मध्ये खुली स्पर्धा झाली आणि मतदान घेण्यात आले. पॉल स्टॅन्सिफर यांची कल्पना पसंत पडली. तिच्यावर पुन्हा खल झाला आणि डेव्हिड फ्रीडलँड यांनी तिला नवे रूप दिले. तोच तुकड्यातुकड्यांचा गोल, ज्याचे वरचे काही तुकडे अजून बसायचे आहेत आणि ज्यावर निरनिराळ्या लिपींतील अक्षरे आहेत. निवडलेला आराखडाही सुधारता येतो, हा या घटनेतील पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या अधिक जवळचा आहे. त्या गोलावर देवनागरी ‘वि’ हे अक्षर होते आणि त्याची पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडली होती. एक जपानी अक्षरही चुकले होते. कोशातील मजकूर कोणीही क्षणात दुरुस्त करू शकत होता. चित्रातील ती वेलांटी मात्र २०१० मध्ये नवे चिन्ह येईपर्यंत, म्हणजे सुमारे सात वर्षे, तशीच राहिली. ती चूक दाखविण्यास पंडित नको होता; दुसरीतील मुलानेही ती दाखविली असती. मतदारांनी हयगय केली, असे मी म्हणत नाही. त्यांना विचारलेला प्रश्न आवडीचा होता आणि आवडीचे उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिले. परंतु काय आवडते हे मताने ठरते. काय शुद्ध आहे हे मताने ठरत नाही. त्यासाठी जाणणाराकडेच जावे लागते, मग तो संख्येने एकटा का असेना.

आवडीचा कौल घेणेही वाटते तितके सोपे नाही. समजा, शंभर मतदार आणि तीन आराखडे आहेत. पहिल्याला चाळीस, दुसऱ्याला पस्तीस, तिसऱ्याला पंचवीस मते पडली. पहिला विजयी ठरला. पण उरलेल्या साठ जणांना तो मुळीच नको असेल, तर? फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी १७८५ मध्येच यावर मार्ग सुचविला होता: प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीने तुलना करावी. डेबियन हा १९९३ पासून चालत आलेला मुक्त स्रोत प्रकल्प याच तत्त्वाने मते मोजतो. मतदार पर्यायांना पसंतीचा क्रम देतात, आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी एकही नको’ असाही पर्याय असतो. हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो. बदल हवा की नको हे न विचारताच ‘यांतला कोणता’ असे विचारणे म्हणजे अर्धा निर्णय आधीच घेऊन टाकणे होय.

तरीही एक उणीव राहतेच. मतदानाला येतो कोण? १८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडियाचे रूप बदलले. ओळींची रुंदी मर्यादित झाली, अनुक्रमणिका बाजूला आली. त्याआधी आणि नंतरही मोठा वाद झाला. अनेक जुन्या संपादकांना दोन्ही कडांची रिकामी जागा खटकली. त्यांची तक्रार खोटी नव्हती. वर्षानुवर्षांची हातवळणाची सवय मोडत होती. पण चर्चेला येतात ते बहुधा घरातले लोक. दारातून येऊन, वाचून निघून जाणारे असंख्य वाचक तेथे नसतात. त्यांचा कौल हात वर करून मिळत नाही. एखाद्या नवख्याला समोर बसवून त्याचा हात कोठे अडतो, हे धीराने पाहावे लागते. नोंदणी केलेल्यांना जुने रूप निवडण्याची मुभा तेथे ठेवली गेली, ही तडजोड मला समंजस वाटते.

यातून तीन गोष्टी हाती लागतात. आराखडे पाहण्यापूर्वीच कसोट्या ठरवाव्यात, म्हणजे माणसाकडे पाहून माप बदलत नाही. शुद्धता आणि सुवाच्यता जाणकारांकडून व वापरणारांकडून तपासून घ्यावी. मत त्यानंतर घ्यावे. आणि निर्णयाची कारणे लिहून ठेवावीत, म्हणजे ज्याचा आराखडा मागे पडला त्याचाही मान राहतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपणांस अल्पसंख्य असणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आपली वेलांटी दुसऱ्यांच्या बहुमतात कशी हरवते, हे आपण जाणतो. परंतु आपल्याच मंडळात, आपल्याच शाळेच्या सभेत आपण बहुसंख्य असतो. तेथे ठराव मंजूर करण्यापूर्वी या सभेत कोण आलेले नाही आणि कोणाची वेलांटी आपल्या हातून चुकते आहे, हे आपण विचारले पाहिजे. अक्षर शिकविणाऱ्या गुरुजनांचे ऋण याहून चांगल्या रीतीने फेडता येईल, असे मला वाटत नाही.