लग्नाच्या फोटोची चौकट

लग्न होऊन महिना-दोन महिने झाले, पाहुणे पांगले, आहेराची भांडी माळ्यावर गेली, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. भिंतीवर फोटो कोणता लावायचा आणि त्याला चौकट कशी करायची? तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे ते काय? दुकानात जावे, डोळ्यांना बरी दिसेल ती पट्टी निवडावी आणि मोकळे व्हावे. मीही एके काळी असेच म्हणत होते. आता म्हणत नाही. त्याला कारण आमच्या कल्याणच्या घरातला एक फोटो. तेवढी हकीकत आधी सांगते.

माझ्या आईवडिलांचे लग्न १९५८ सालचे. लग्नानंतर नवराबायकोने स्टुडिओत जाऊन जोडीचा फोटो काढून घेण्याची तेव्हा पद्धत होती. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर संगमरवरी जिना, वडील खुर्चीवर ताठ बसलेले आणि आई शेजारी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. हसलेले कोणीच नाही. हा फोटो मढवून बाहेरच्या खोलीत लावलेला होता. आमचे घर खाडीपासून फार लांब नाही. २६ जुलै २००५ ला पाणी घरात शिरले, तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या साऱ्या अल्बमांचा लगदा झाला. भिंतीवरची तसबीर तेवढी पाण्याच्या वर राहिली. आम्ही म्हटले, चला, एक तरी वाचला!

चार वर्षांनी वडील गेले. तेराव्याला ठेवायला फोटो हवा होता. धाकट्या काकांनी तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले आणि काच उचलली. काचेबरोबर वडिलांचा उजवा गाल आणि आईच्या शालूचा काठ निघून आला. आई समोरच बसली होती. ती काही बोलली नाही. काच हातात घेऊन, उजेडाकडे धरून, कितीतरी वेळ पाहत राहिली.

पाण्याच्या वर राहिलेला फोटो बिघडला कसा? तर भिंतीमुळे. पूर ओसरतो, पण भिंत महिनोन्महिने पाणी धरून ठेवते. आता फोटोचा कागद कसा असतो ते पाहा. त्याच्यावर जिलेटिनचा एक पातळ थर असतो आणि चित्र असते ते या थरात. जिलेटिन म्हणजे सरसाचाच भाऊ. ओल मिळाली की तो फुगतो, मऊ पडतो, आणि समोर काच टेकलेली असली तर तिला धरून बसतो. हल्लीच्या रंगीत फोटोंच्या कागदावरही बहुतेक हाच थर असतो. शिवाय त्यासाठी पूरच यायला हवा असेही नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडी आपल्या सोबतीला आहे. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि बुरशीला ६५ टक्क्यांच्या पुढची हवा चांगली मानवते.

काच फोटोला टेकवण्याची ही सवय आली कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, ती देवांच्या तसबिरींवरून आली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरी पोचली. ती मढवायची रीत सोपी. पुढे काच, मध्ये चित्र, मागे पुठ्ठा, चार खिळे. छापील चित्राला ते चालून जाते. फोटोग्राफला चालत नाही. पण चौकट करणाऱ्याचा हात त्याच वळणाचा, आणि आपणही त्याला कधी काही विचारत नाही.

तेव्हा विचारा. तुम्ही ठाण्यात राम मारुती रस्त्याला जा नाहीतर डोंबिवलीत फडके रस्त्याला, नव्या जोडप्याला दुकानदार पुढे करणार ती पट्ट्यांची नक्षी आणि सोनेरी रंग. तुम्ही आधी सांगायचे, “काच फोटोला टेकता कामा नये. मध्ये माउंट घाला.” माउंट म्हणजे फोटोभोवती बसवायची जाड कागदी चौकट, मध्ये खिडकी कापलेली. तिच्यामुळे काच आणि फोटो यांत हवेची फट राहते. लोक माउंट घेतात तो शोभेसाठी, तेही बरोबरच आहे, पण त्याचे खरे काम हे. तो आम्लविरहित कागदाचा मिळाला तर फारच उत्तम. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल पुढे फोटोला पिवळे करते. फोटो मात्र कशालाही डिंकाने चिकटवू देऊ नका. कोपऱ्यांत कागदी खाचा करून त्यांत बसवला की पुरे. चौकटीची मागची बाजू कागदी पट्टीने सांधून घ्या, म्हणजे कसर आत शिरत नाही.

आणखी एक प्रकार अलीकडे फार निघाला आहे. फोटो भुशाच्या फळीवर चिकटवून वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवतात. दिसतो झकपक, वजनाला हलका. पण तो पुन्हा सोडवता येत नाही, आणि फळीला ओल लागली की कडा फुगतात. मी तरी तो घेणार नाही.

पट्टी सागवानी घ्यावी की फायबरची, यावर भांडण नको. सागवान टिकते, फायबरला वाळवी लागत नाही. नक्षी मात्र बेताची असावी. आपल्या गावांत धूळ किती, आणि ती खाचांतून काढायला वेळ कोणाला! आकाराचे एक गणित मात्र घरी करून जा. फोटो ८ बाय १० इंचांचा, चारी बाजूंना २ इंचांचा माउंट आणि १ इंचाची पट्टी धरली तर चौकट बाहेरून १४ बाय १६ इंच होते. तेवढा जुना वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीवर चिकटवून पाहा. एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेत त्याहून मोठी तसबीर अंगावर येते.

भिंत निवडताना पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची भिंत सोडा. पश्चिमेचे ऊन पडते तीही सोडा, रंग उडतात. दोन खोल्यांमधली आतली भिंत सर्वांत चांगली. जुन्या घरांत तसबिरी वरून पुढे झुकलेल्या असत, आठवते का? त्यामुळे मागे वारा खेळत असे. आता आपण त्या सपाट लावतो. निदान खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत.

आणि जुनी तसबीर काचेला चिकटली असेल तर आमच्या काकांसारखे करू नका. काच उचलूच नका. काचेसकट तिचा फोटो काढून घ्या, तिरप्या उजेडात, चकाकी टाळून. नव्या लग्नाचाही भिंतीवर लावायचा तो दुसरा फोटो असावा. मूळ फोटो कोरड्या कपाटात ठेवावा, वरच्या कप्प्यात. आणि गटाचा फोटो असेल तर मागच्या कागदावर पेन्सिलीने नावे लिहून ठेवा. तिसऱ्या रांगेतला टोपीवाला कोण, हे सांगणारे माणूस घरात फार दिवस राहत नाही.

आमचा फोटो शेवटी जुळला. काचेवरचा तुकडा आणि कागद यांची वेगवेगळी छायाचित्रे काढून एका फोटोग्राफरने ती संगणकावर सांधली. नवी तसबीर आतल्या भिंतीवर आहे, माउंट घालून. वडिलांचा उजवा गाल डाव्यापेक्षा किंचित काळसर दिसतो. तो पुन्हा करून घेऊ, असे मी आईला म्हटले. ती म्हणाली, “राहू दे ग. त्या दिवशी ऊनही फार होते.”