घरची माहिती आणि चव्हाटा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



‘डिजिटल युगातील समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्याची कामगिरी कार्यकारी मंडळाने मजवर सोपविली. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करलेला मनुष्य. या शास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि या युगाचा गोड-कडू प्रसाद मलाही मिळाला आहे.

प्रथम उपकार मानतो. पूर्वी नोव्हेंबर उजाडला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावावी लागे. गुडघे दुखणाऱ्या आम्हा निवृत्तांचा तो वार्षिक वनवासच! २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ योजना निघाली आणि बोटाच्या ठशावर दाखला मिळू लागला. पुढे नुसता चेहरा दाखवूनही भागू लागले. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या हाती क्षणात पैसे पडतात. मनिऑर्डरीची वाट ज्यांनी पाहिली, त्यांनाच याचे मोल कळेल.

हे सारे ज्या ‘आधार’वर उभे आहे, त्याचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. त्याच योजनेविरुद्ध कर्नाटकातील निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

सरकारास जाब विचारणारे असे लोक आहेत. आपणांस कोण विचारणार?

तीन वर्षांपूर्वी आपल्या वधूवर सूचीत माझ्या पुतणीची माहिती छापून आली. गोत्र, जन्मवेळ, आजोळ, वेतन, फोन, सर्व काही. एका स्नेह्यास ते पान हवे होते. मी मोठ्या उत्साहाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडला. त्याने तो आप्तांच्या गटात टाकला; पुढे तो कोठे गेला, देव जाणे. दोन महिन्यांनी ‘परदेशातील स्थळ’ म्हणून एक गृहस्थ पोरीशी बोलू लागला. त्यास तिचे गोत्र ठाऊक, आजोळ ठाऊक. मग अविश्वास कशाने यावा? परदेशातून पाठविलेली भेटवस्तू सोडवून घेण्याच्या निमित्ताने तिचे चाळीस हजार रुपये गेले. पुढे वर्षभर तिने घरात लग्नाचा विषय काढू दिला नाही. आम्ही वडीलधारी तिलाच म्हणत होतो, “एवढी शिकलेली तू, फसलीस कशी?” ते पान कोणी पाठविले, हे मी तेव्हा बोललो नाही. आज बोलतो आहे.

पुस्तिका कपाटात राहते; फोटो परत बोलावता येत नाही. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. संमती ज्या कामासाठी घेतली त्यापुरतीच माहिती वापरावी, आणि दिलेली संमती मागेही घेता यावी, हे त्याचे सूत्र आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवी. गुणगौरवाच्या गुणपत्रिका आपण बेधडक फिरवितो, म्हणून हे सांगितले.

आता आपली संपूर्ण सूची मोबाईल ॲपवर घालण्याचा ठराव येत आहे. माझा विरोध नाही. मात्र फोन क्रमांक चिटणीसांकडेच राहावेत, दोन्ही घरांची चौकशी झाल्यावरच द्यावेत. आणि उपवर मुलीच्या माहितीखाली वडिलांची नव्हे, तिची स्वतःची सही असावी. ही सूचना मी लेखी दिली आहे. तीत शेवटी आणखी एक ओळ आहे: माझ्या पुतणीचे नाव सूचीतून काढावे. तिचा विवाह गेल्या वैशाखात झाला. फोन अद्याप येतात.